बाळाचा रंग बघायचाच असेल तर

लेबर रूमचं दार जरा किलकिलं झालं की बाहेरून तीन प्रश्न यायचे आणि त्यांचा क्रम ठरलेला असायचा. मुलगा की मुलगी? वजन किती? आणि तिसरा, आवाज थोडा खाली आणून, "सिस्टर, रंगानं कसं आहे?" बाळंतीण कशी आहे हे बहुतेक वेळा तिची आईच विचारायची, तेही सगळ्यात शेवटी.

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. नोकरीतली बरीचशी वर्षं लेबर रूम आणि पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या, वॉर्डात गेली. आता निवृत्त होऊन कऱ्हाडला घरी असते, पण फोन थांबलेले नाहीत. नात्यात, ओळखीत कुणी बाळंत झालं की दीड-दोन महिन्यांत एक फोन हमखास येतो. "मावशी, जन्मली तेव्हा कशी गुलाबी होती, आता काळवंडत चाललीय. आमचं काही चुकतंय का?" परवा भाचीचा आला. पुण्याला असते, चांगली शिकलेली आहे, तिला कळतं सगळं. पण सासरी दोघीतिघींनी एकापाठोपाठ तेच विचारलं आणि पोर रडवेली झाली. तिला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. तान्ह्या बाळाचा रंग जरूर बघावा, रोज बघावा. पण गोरं की सावळं यात घर इतकं गुंततं की जे रंग खरोखर बघायला हवेत ते नजरेतून सुटतात, आणि सुटलेले मी पाहिले आहेत.

आधी जन्माच्या वेळचं सांगते. बाळ बाहेर येतं तेव्हा निळसर-जांभळं असतं. पहिलटकरणी ते बघून घाबरतात. पोटात असताना बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात, ऑक्सिजन वारेतून येतो आणि आपल्या मानानं बराच कमी येतो. कोविडच्या काळात बोटाला लावायचं ते यंत्र घरोघरी आलं होतं. आकडा ९४ च्या खाली गेला की आपली धावाधाव व्हायची. निरोगी बाळाचा जन्मानंतर पहिल्या मिनिटाचा आकडा असतो ६० ते ६५. पाचव्या मिनिटाला ८० ते ८५ आणि दहाव्या मिनिटाला कुठे ८५ ते ९५. बाळ रडतं, फुप्फुसांत हवा भरते आणि आपल्या डोळ्यांदेखत छाती-पोट उजळायला लागतं. हात-पाय मागे राहतात. तळहात, तळपाय एक-दोन दिवस निळसर असले तरी बाळ दूध ओढतंय, अंग गरम आहे, तर त्याची काळजी नाही.

व्हर्जिनिया अपगार नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये बाळाची अवस्था झटपट जोखायची एक पद्धत मांडली. पुढच्या वर्षी ती छापून आली आणि आज जगभर लेबर रूममध्ये पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला तिचे गुण लिहिले जातात. हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, डिवचल्यावर बाळ काय करतं आणि रंग, अशा पाच गोष्टी. प्रत्येकीला जास्तीत जास्त दोन गुण. अंग गुलाबी पण हात-पाय निळे असतील तर रंगाचा एकच गुण, म्हणून पहिल्याच मिनिटाला दहापैकी दहा फार थोड्या बाळांना मिळतात. पुस्तकात 'गुलाबी' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बाळांच्या कातडीवर ते गुलाबी शोधत बसलं तर फसगत होते. आमच्या जुन्या इनचार्ज सिस्टर नवीन मुलींना एकच सांगायच्या, "कातडी नको बघू, जीभ बघ." ओठांची आतली बाजू, हिरड्या, जीभ. बाळ कितीही सावळं असो, जीभ गुलाबीच हवी. ती निळी दिसली तर तो हृदयाचा किंवा फुप्फुसाचा निरोप असतो. मग जन्मानंतरचा दुसरा तास असो की दुसरा महिना, थांबायचं नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत बाळ लालबुंद दिसतं. आईचं हिमोग्लोबिन ९-१० वर रेंगाळत असतं तेव्हा बाळाचं १६-१७ असतं, आणि कातडी इतकी पातळ की आतलं रक्त जणू वरच दिसतं. घरची मंडळी ज्याला "जन्मतः गोरं" म्हणतात ते बहुतेक वेळा हे लाल असतं. त्यावर पांढरा चिकट थर असतो, तो घासून काढायची आज्यांना फार घाई. तो थर बाळाच्या कातडीला जपतो. जागतिक आरोग्य संघटना तर पहिली आंघोळच जन्मानंतर २४ तासांनी घाला म्हणते. अंगावरची लवही आपोआप गळते. कणकेच्या गोळ्यानं ती ओढून काढताना कातडी सोलवटलेली बाळं वॉर्डात यायची, आणि सोलवटलेल्या कातडीतून जंतू आत जायला वेळ लागत नाही.

मग तो दीड-दोन महिन्यांचा फोन. होतं काय, तर रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी बाळाच्या कातडीत जन्मतःच हजर असतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. त्या मेलॅनिन किती बनवतात, कोणत्या प्रकारचं बनवतात, यावर रंग ठरतो. पोटात हे काम मंद चालतं, जन्मानंतर वेग घेतं आणि मग काही आठवडे, काही महिने बाळ हळूहळू स्वतःच्या रंगावर येत जातं. तोवरचा लालपणा रक्ताचा असतो आणि तोही ओसरत असतो, कारण पहिल्या दोन-अडीच महिन्यांत बाळाचं हिमोग्लोबिन उतरतंच. म्हणजे एकीकडे लाली कमी होतेय, दुसरीकडे रंगद्रव्य वाढतंय. घरच्यांना वाटतं, बाळ काळवंडलं.

जुन्या सुइणी कानाची पाळी बघून सांगायच्या, हे आईवर जाणार की बापावर. त्यात तथ्य आहे. कानाची वरची कड आणि नखांच्या मुळाशी असलेली कातडी सुरुवातीपासूनच थोडी गडद असते आणि पुढच्या रंगाचा अंदाज तिथून येतो. शू-शीच्या जागेची कातडीही गडद असते, त्यात आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा हात असतो.

एक जोडपं आठवतं. दीड महिन्याच्या डोसला आले होते. सुई टोचून झाली, बाळ रडून शांत झालं, तरी बाप टेबलाजवळून हलेना. बाकीच्या बाया जरा पुढे सरकल्यावर म्हणाला, "सिस्टर, बाळ आमचंच आहे ना? अदलाबदल नसेल ना झाली?" बायको मागे बाकावर बसलेली. तिनं मान वर केली नाही, बाळाच्या झबल्याची नाडी सोडत होती, पुन्हा बांधत होती. घरात हा विषय किती दिवस शिजत असेल ते तिच्या हातांवरून कळत होतं. मी बाळाची कुंची काढून कानाची कड दाखवली, नखं दाखवली. मग त्यालाच बाही वर करायला सांगितली. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन कधी लागत नाही, तिथला त्याचा रंग आणि बाळाच्या मांडीचा रंग शेजारी शेजारी ठेवले. केसपेपरवर बाळाच्या पावलांचे ठसे होते, तेही दाखवले. तो मुकाट्यानं बाकावर जाऊन बसला आणि बाळ मांडीवर घेतलं. बायको अजूनही काही बोलली नव्हती. मला तेव्हा त्याचा राग आला होता, आजही येतो. त्यानं विचारलं म्हणून नव्हे, विचारायला कुणीतरी निदान आलं हे बरंच झालं. तो दीड महिना तिनं एकटीनं काढला म्हणून.

एकाच आईबापांची दोन मुलं दोन रंगांची असू शकतात. रंग एका जनुकावर ठरत नाही, पुष्कळ जनुकांचा मेळ असतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर काम करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर आपल्या लोकांच्या रंगाचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एसएलसी२४ए५ नावाच्या जनुकातला एक छोटासा बदल दक्षिण आशियातल्या रंगभेदाचा बराच भाग समजावून देतो, असं त्यात दिसलं. पण तोही सगळा नव्हे. आजी गोरी, आजोबा काळे, आई गव्हाळ, बाप निमगोरा, आणि यांच्यातलं कोण पुढच्या पिढीत कुठे डोकावेल हे कोणी सांगू शकत नाही. आईनं केशराचं दूध प्यायलं की नाही, नारळपाणी किती प्यायली, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. प्यायचं तर आवडीनं प्यावं.

केशरानं कुणाचं नुकसान होत नाही. लोहाच्या गोळ्यांचं मात्र तसं नाही, आणि हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. "गोळी खाल्ली की बाळ काळं होतं" हे मी गावोगावच्या बायांकडून ऐकलं आहे. पदराआड गोळी धरून नंतर मोरीत टाकून देणाऱ्या मुली पाहिल्या आहेत, टाकायला सांगणाऱ्या सासवाही पाहिल्या आहेत. मला वाटतं, या समजुतीचं मूळ साधं असावं. गोळी सुरू झाली की बाईची स्वतःची शी काळी होते, ते बघून मनात येत असणार की आत बाळही काळं पडतंय. शी काळी होते ती न शोषल्या गेलेल्या लोहामुळे. बाळाच्या कातडीपर्यंत त्यातलं काही पोहोचत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक, ६० मिलिग्रॅम लोहाची, निदान १८० गोळ्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितक्याच, असा सरकारी कार्यक्रम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा जरी रक्तस्राव जास्त झाला तरी तो तिला झेपत नाही. गोऱ्या बाळाच्या आशेपायी त्या टेबलावर पांढऱ्याफटक पडलेल्या मुलीचे हात मी धरले आहेत.

आता पिवळा रंग. दिवस भरलेल्या दहा बाळांतल्या साधारण सहा बाळांना आणि आधी जन्मलेल्या दहातल्या आठ बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बाळाच्या तांबड्या पेशी आपल्यापेक्षा लवकर मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि यकृत अजून ते निपटायला शिकत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर सुरू होतं, छातीवर, पोटावर, मग पायांकडे उतरत जातं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त, मग एक-दोन आठवड्यांत जातं. बहुतेकींचं एवढ्यावरच भागतं. पण पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, किंवा बाळ झोपाळू झालं, दूध ओढेना, तर त्याच दिवशी रक्त तपासायला हवं. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अधिकच लक्ष हवं. बिलिरुबिन फार वाढून मेंदूत गेलं तर ऐकू येणं जातं, हातपाय कायमचे वाकडे होतात, जीवही जातो.

आणि नेमकं हे पिवळं घरात दिसत नाही, कारण आपण ते झाकतो. डाळीच्या पिठात हळद घालून अंगाला लावतो. पिवळं झबलं, पिवळं दुपटं. बाळंतिणीची खोली अंधारी, खिडकी बंद, वर पिवळा बल्ब. त्यात कुणीतरी म्हणतं, "बघा, कसा केतकी रंग आलाय!" आणि सगळे खूश. मी वॉर्डात असताना बाळ उचलून व्हरांड्यात खिडकीपाशी न्यायची, उन्हात नाही, उजेडात. नाकाच्या शेंड्यावर किंवा कपाळावर अंगठा हलकेच दाबायचा आणि उचलायचा. क्षणभर रक्त बाजूला होतं आणि कातडीचा मूळ रंग उघडा पडतो. तिथे पिवळा ठसा दिसला की मग छातीवर दाबायचं, मग बेंबीखाली, मग गुडघ्यावर, पावलावर. हे कुठलीही आई करू शकते. पहिला आठवडाभर रोज सकाळी करावं आणि तेवढे दिवस हळद बाजूला ठेवावी. सावळ्या बाळात कातडीवर कळलं नाही तर हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघावा.

कावीळ उतरवायला बाळाला लाईटखाली ठेवायचं म्हटलं की नातेवाईक कुरकुरायचे, "त्या निळ्या लाईटनं काळं पडेल बाळ." मग मी त्यांना जीन वॉर्ड नावाच्या एका सिस्टरची गोष्ट सांगायची. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रोचफर्ड इथल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग त्या सांभाळायच्या. चांगलं ऊन पडलं की त्या बाळांना बाहेर अंगणात घेऊन जायच्या, मोकळी हवा बरी म्हणून. १९५६ मध्ये राउंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं. अंगाचा पिवळेपणा गेलेला, फक्त एक तिकोनी तुकडा गडद पिवळा. डॉक्टरांना वाटलं काहीतरी औषध फासलंय. सिस्टर म्हणाल्या, तिथे चादरीचा कोपरा होता. तिथून शोध सुरू झाला आणि १९५८ मध्ये क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडानं कावीळ उतरते हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. निळा प्रकाश बिलिरुबिनचा आकार बदलतो, मग ते पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडू शकतं. एका नर्सनं नीट बघितलं म्हणून हे घडलं, याचा मला फार अभिमान वाटतो. म्हणून काही कुणी बाळ घरच्या अंगणात उन्हाला ठेवून कावीळ बरी करायला जाऊ नये. उन्हात किती प्रकाश मिळाला याचं माप नसतं, बाळ एकतर तापतं नाहीतर गारठतं, आणि या गडबडीत रक्त तपासायचं राहून जातं.

अजून एक, डांबरगोळ्या. मोठ्या मुलाची दुपटी, कुंच्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपलेल्या असतात आणि धाकट्याच्या वेळी तशाच काढून वापरतात. काही बाळांत, मुलग्यांत जास्त, जी६पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतः कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळीच्या वासानं तांबड्या पेशी भराभर फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीही घालू नये. आधी घातली असेल तर कपडे पुन्हा धुऊन, उन्हात वाळवून, वास पुरता गेल्यावरच वापरावेत.

कमरेवर, ढुंगणावर निळे-करडे डाग दिसले म्हणून भाचीनं फोटो पाठवला होता. ते आपल्याकडे पुष्कळ बाळांना असतात. रंगद्रव्याच्या पेशी कातडीच्या खोल थरात राहून गेलेल्या असतात, म्हणून वरून निळ्या दिसतात. जपानमध्ये काम करणाऱ्या बेल्त्स नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८८५ मध्ये त्यांचं वर्णन केलं. काही वर्षांत ते फिके होत जातात. मार लागल्याचे ते व्रण नसतात, सांभाळणाऱ्या बाईवर त्यावरून आळ घेऊ नये. थंडीत अंगावर जाळीसारखी निळसर नक्षी उमटते, ती बाळाला गुंडाळून छातीशी धरलं की जाते. कधी कुशीवर झोपलेल्या बाळाची खालची अर्धी बाजू लाल आणि वरची फिकी होते, मधे सरळ रेघ. काही मिनिटांत तेही जातं.

शेवटचा रंग बाळाच्या अंगावर नसतो, लंगोटात असतो. कावीळ दोन आठवडे उलटूनही रेंगाळली आणि शी पांढुरकी, खडूसारखी फिकी व्हायला लागली, लघवीनं लंगोटावर गडद पिवळे डाग पडायला लागले, तर पित्ताची नळी बंद असू शकते. ही बाळं सुरुवातीला छान दूध पितात, अंग धरतात, घरातल्यांना काही वेगळं वाटत नाही. कासाई नावाच्या जपानी सर्जननी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया त्यावर आहे. बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा चांगली असते, मग ती घटत जाते. बारसं, पाहुणे, आईची पाठदुखी यांत साठ दिवस कसे जातात कळतही नाही. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळपट शी संपल्यावर ती पिवळी व्हायला हवी. तशी नसेल तर लंगोट धुवायला टाकू नका, तसाच ठेवून त्यांना दाखवा. त्या यायला अवकाश असेल तर १०२ ची गाडी बाळासाठी फुकट येते, ती बोलवा आणि तो लंगोट पिशवीत घालून बाळाबरोबर दवाखान्यात न्या.